दहा सेकंद आणि एक पडदा

दिवाळी सरली की आमच्या केजमधून ट्रॅक्टर निघायला लागतात. एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, त्यांत भांडीकुंडी, गोधड्या, पिठाचा डबा, कोंबड्या, एखादी शेळी, लेकरं, आणि या सगळ्यावर रेलून बसलेली म्हातारी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला टोळी ऊसतोडीला चाललेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी केवढी आहे हे विचारताना आमच्याकडं किती माणसं असं कुणी विचारत नाही, किती कोयते असं विचारतात. मग चार-पाच महिने कितीतरी घरांना कुलपं. कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडावर तेच ट्रॅक्टर परत येतात.

हे रस्ते जिथं जाऊन थांबतात तिथलं जग मी पहिल्यांदा पाहिलं ते ‘सामना’ या सिनेमात. शेजारच्या एका काकांच्या घरी, टीव्हीवर. काकांनी तरुणपणी कितीतरी हंगाम ऊस तोडलेला. पडद्यावर निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील आला तेव्हा काका भिंतीला टेकून बसले होते. तो बोलायला लागला आणि काकांनी पाय जवळ घेतले, पाठ सरळ केली. सिनेमा संपेपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, “हे लिहिलं कुणी?”

सिनेमा पाहून उठलेला माणूस कोण नट होता ते विचारतो, गाणं कुणाचं ते विचारतो. लिहिलं कुणी हे विचारणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला उत्तर ठाऊक नव्हतं. नंतर कळलं, विजय तेंडुलकर. ज्यांची नाटकं आम्ही कॉलेजात अभ्यासाला आहेत म्हणून वाचत होतो, तेच. आणि तेव्हापासून या माणसाच्या कामाबद्दलचं माझं नवल काही केल्या ओसरत नाही.

तेंडुलकर जन्मले ६ जानेवारी १९२८ला, गेले १९ मे २००८ला, पुण्यात. मधल्या ऐंशी वर्षांत त्यांनी नाटकं, एकांकिका, मुलांची नाटकं, कथा, कादंबऱ्या, वर्तमानपत्रांतली सदरं आणि पटकथा लिहिल्या. बेचाळीसच्या चळवळीच्या धामधुमीत शाळा सुटली ती सुटलीच. पोट भरलं ते वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत. ही यादी कुठंही मिळेल, म्हणून ती मी लांबवत नाही. मला सांगायचं आहे ते त्यांच्या दोन कोर्टांविषयी. एक त्यांनी रंगभूमीवर उभं केलं, दुसरं सिनेमात. ही दोन कोर्टं शेजारी शेजारी ठेवून पाहिली की नाटक म्हणजे काय आणि सिनेमा म्हणजे काय, हे जसं उलगडतं तसं कुठल्या पाठ्यपुस्तकातही उलगडत नाही.

पहिलं कोर्ट खोटं आहे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, १९६७. रंगायनचा प्रयोग, दिग्दर्शक अरविंद देशपांडे, बेणारे बाई झाल्या होत्या सुलभा देशपांडे. मुंबईची एक हौशी मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला आलेली असते. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांवरून खटला, असा त्यांचा ठरलेला खेळ. प्रयोगाला वेळ आहे, हाताशी मोकळा हॉल आहे, म्हणून गंमत म्हणून एक लुटुपुटीचा खटला करून बघू, असं ठरतं. आरोपी कोण? शाळेत शिकवणारी, हसरी, सगळ्यांची टर उडवणारी लीला बेणारे. आरोप भ्रूणहत्येचा. खेळ सुरू होतो, आणि कुणाच्या लक्षात येण्याआधी खेळ उरत नाही. साक्षीदार एकेक करून तिच्या खऱ्या आयुष्यातल्या गोष्टी बाहेर काढतात. ती खरोखरच गरोदर आहे. ज्या प्राध्यापकापासून ती गरोदर आहे तो दामले आज आलेलाच नाही. ती उठून जायला बघते तर दाराची कडी बाहेरून अडकलेली.

आता यातली कारागिरी बघा. नाटकभर सगळे बोलतात. काशीकर बोलतात, सुखात्मे वकिली थाटात बोलतात, पोंक्षे बोलतो, कर्णिक बोलतो, सामंतासारखा गावातला साधा माणूससुद्धा हातातल्या कादंबरीतलं वाचून साक्ष देतो. जिच्याबद्दल हे सगळं चाललंय ती मात्र हळूहळू गप्प होत जाते. अखेरीस न्यायाधीश झालेले काशीकर तिला स्वतःच्या बचावासाठी वेळ देतात. किती? दहा सेकंद.

आणि मग तेंडुलकर वेळच थांबवतात. रंगमंचावरची बाकीची सगळी माणसं होती तशी गोठतात, उजेड बदलतो, आणि बेणारे बोलू लागते. मराठी रंगभूमीवरच्या सर्वांत नावाजलेल्या स्वगतांपैकी ते एक आहे. शरीराबद्दल, कोवळ्या वयात मामावर जडलेल्या प्रेमाबद्दल, जगण्याच्या किळसेबद्दल आणि जगण्याच्या ओढीबद्दल ती बोलते. कितीतरी मिनिटं बोलते. प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक शब्द पोचतो. ती थांबते, गोठलेली माणसं हलतात, आणि काशीकर जाहीर करतात की वेळ संपली, आरोपीला काहीही सांगायचं नाही.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून मागं गेलो. माझं काहीतरी चुकलं असं वाटलं. ती तर एवढं बोलली! मग लक्षात आलं. ती बोलली ते फक्त आपण ऐकलं. त्या खोलीत तिच्या तोंडून एक शब्दसुद्धा निघालेला नाही. कोर्टाच्या दप्तरात दहा सेकंदांचं मौन नोंदलं गेलं, आणि त्या मौनाच्या पोटात काय होतं ते नाटककारानं फक्त प्रेक्षकाला उघडून दाखवलं. मौनाला आतून उलटं करून, गोधडीचं अस्तर दाखवावं तसं.

दुसरं कोर्ट खरं आहे. सिनेमा ‘आक्रोश’, १९८०. खऱ्या घटनेवरून स्फुरलेली गोष्ट. पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. लहान्या भिकू नावाच्या आदिवासी शेतमजुरावर बायकोच्या खुनाचा खटला उभा आहे. सरकारनं त्याला भास्कर कुलकर्णी नावाचा तरुण वकील दिलाय. वकील तुरुंगात जातो, पुन्हा जातो, समजावतो, चिडतो, हात जोडतो. काय झालं ते सांग, मी तुला सोडवतो. लहान्या बोलत नाही. कोर्टात बोलत नाही, कोठडीत बोलत नाही. कारण खून त्यानं केलेलाच नाही. गावच्या बड्या मंडळींनी त्याच्या बायकोची अब्रू लुटली, तिला मारलं आणि गुन्हा त्याच्या माथी मारला. तोंड उघडलं तर घरात म्हातारा बाप आहे, बहीण आहे. आणि तोंड उघडूनही ऐकणार कोण, हे तो जाणतो.

ओम पुरींच्या चेहऱ्यावर निहलानींचा कॅमेरा जातो आणि थांबतो. देवीचे व्रण असलेला, रापलेला, दगडासारखा चेहरा. डोळे एका जागी खिळलेले. वकिलाचे प्रश्न त्या चेहऱ्यावर आदळून खाली पडतात. सिनेमाच्या शेवटी बापाच्या अंत्यविधीसाठी त्याला बेड्यांसह आणतात, तेव्हा तो एकदम कुऱ्हाड उचलतो आणि स्वतःच्या बहिणीला मारतो. बायकोच्या वाट्याला जे आलं ते हिच्या वाट्याला येऊ नये म्हणून. मग आभाळाकडं तोंड करून तो ओरडतो. ते ओरडणं म्हणजे शब्द नव्हे.

एका कोर्टात बाई बोलते आणि ते ऐकू जात नाही. दुसऱ्या कोर्टात माणूस बोलत नाही आणि त्याचं न बोलणं कान फाडतं. दोन्ही एकाच लेखणीचं काम. आणि या दोहोंच्या मध्ये एक माणूस उभा आहे. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी ‘शांतता!’वर सिनेमा केला, त्यातही बेणारे सुलभा देशपांडेच होत्या. त्या सिनेमाचं छायाचित्रण केलं होतं गोविंद निहलानींनी. बेणारेचं कोर्ट भिंगातून पाहणाऱ्या माणसानं नऊ वर्षांनी लहान्याच्या मौनासमोर कॅमेरा लावला. दिग्दर्शक म्हणून तो त्यांचा पहिलाच सिनेमा, आणि १९८१च्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याला सुवर्णमयूर मिळाला.

लेखकानं असं का केलं असेल? नाटकात बाईला शब्द आणि सिनेमात माणसाला मौन, हे उलट का नाही?

याचं उत्तर मला आपल्या भाषेतल्या एका शब्दात सापडलं. पडदा. नाटकाचाही पडदा असतो आणि सिनेमाचाही. शब्द एक, पण कामं अगदी उलटी. नाटकाचा पडदा झाकतो. तो बाजूला झाल्याशिवाय नाटक सुरूच होत नाही. सिनेमाचा पडदा दाखवतो. तो नसेल तर सिनेमा दिसणारच नाही. आमच्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. संध्याकाळी पांढरं कापड ताणून बांधताना आम्ही बघत राहायचो. त्या कापडावर माणसाचं तोंड बैलगाडीएवढं होणार आहे, हे ठाऊक असूनही प्रत्येक वेळी अंगावर काटा यायचा. कापडावर काही उमटावं याचं आमच्या भागाला तसं जुनंच आकर्षण. केजहून थोडं पुढं गेलं की अंबाजोगाई. तिथं दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकात लांबच लांब पासोडीवर, म्हणजे पांघरायच्या कापडावर, ग्रंथ लिहून काढला. ती पासोडी पाहिली तेव्हा मला तंबूतलं ते पांढरं कापड आठवलं होतं.

तर पडद्याची ही दोन कामं. नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाची भुवई दिसत नाही. डोळ्यांत आलेलं पाणी दिसत नाही. त्याला ऐकू मात्र सगळं येतं, वाक्य अर्ध्यावर कुठं तुटलं तेसुद्धा. म्हणून रंगमंचावर दोन तास गप्प बसलेला माणूस हळूहळू नाहीसा होतो. प्रेक्षकाची नजर बोलणाऱ्याकडं जाते. तिथं आतलं बाहेर आणायचं तर आवाजानंच आणावं लागतं. सिनेमात नेमकं याच्या उलट. कॅमेरा हातभर अंतरावर जाऊन बसतो. गप्प माणसाचा चेहरा भिंतीएवढा होतो, आणि बोलणारा चौकटीच्या बाहेर राहून नुसता आवाज होतो. तिथं शब्द जास्त झाले की चेहरा झाकला जातो. म्हणजे सिनेमात शब्दच झाकणारा पडदा होऊ शकतात! नाटककार सिनेमा लिहायला बसला की बहुतेकदा इथंच अडतो. आयुष्यभर ज्या शब्दांनी उघडलं, त्याच शब्दांनी आता झाकलं जातं, हे हाताला लवकर कळत नाही. तेंडुलकरांच्या हाताला ते कळलं होतं.

कदाचित त्याचं कारण असं, की त्यांच्या नाटकांतले शब्दसुद्धा कधी भरगच्च नव्हते. त्यांचं नाटक छापील पानावर उघडून बघा. अर्धी वाक्यं, आणि पुढं टिंबं. माणूस काहीतरी म्हणू बघतो, थांबतो, दुसरंच बोलतो. मराठी रंगभूमीला पल्लेदार वाक्यांची, टाळ्यांच्या जागांची सवय होती. तेंडुलकरांनी तिच्यावर माणसं खरोखर बोलतात तसं बोलणं आणलं. त्या टिंबांतून पटकथेकडं जायला त्यांना मोठी उडी घ्यावी लागली नसणार. ती टिंबं म्हणजे नटाच्या चेहऱ्यासाठी मोकळी सोडलेली जागाच होती.

पडद्याचं सगळ्यांत देखणं रूप मात्र ‘घाशीराम कोतवाल’मध्ये आहे. १६ डिसेंबर १९७२, पुणे, प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनचा पहिला प्रयोग. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नाना फडणवीस मोहन आगाशे. इथं पडदा माणसांचा आहे. धोतर-उपरण्यातले पुण्याचे ब्राह्मण ओळीनं उभे राहून डुलतात, गातात. ही ओळ भिंत होते, वाडा होते, रस्ता होते, देऊळ होते. ती पाठ फिरवते तेव्हा तिच्या आड काय चाललंय ते लपतं, आणि तोंड फिरवते तेव्हा तीच ओळ साक्षीदार होते. अत्याचार लपवणारी माणसं आणि अत्याचार पाहणारी माणसं वेगळी नसतात, फक्त पाठ आणि तोंड यांचा फरक असतो, हे तेंडुलकरांनी एकही वाक्य खर्च न करता सांगितलं. असं केवळ नाटकातच घडू शकतं, कारण तिथं ती माणसं श्वास घेत तुमच्यासमोर उभी असतात. या चित्रणावरून वादळ उठलं, एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनं नाटक थांबवलं, मग कलावंतांनी थिएटर अकॅडमी काढून १९७४मध्ये ते पुन्हा उभं केलं आणि १९८०मध्ये युरोपात नेलं. १९७६मध्ये त्यावर सिनेमाही झाला. त्यात घाशीराम कोण होता? ओम पुरी. पुढं जाऊन लहान्या भिकू झालेले तेच ओम पुरी.

माणसं अशी परत परत भेटत राहतात, हे या सगळ्या कामाचं मला वाटणारं आणखी एक नवल. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. समाजाच्या दुखण्यावर बोट ठेवणाऱ्या लेखकाभोवती खरोखरीचे डॉक्टर गोळा झाले. आणि निळू फुले, जे पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत असत. १९७२मध्ये ते कमलाकर सारंगांच्या दिग्दर्शनाखाली सखाराम बाइंडर झाले, नंतर ‘सामना’त हिंदुराव, आणि १९७९च्या ‘सिंहासन’मध्ये पत्रकार दिगू टिपणीस. तीन भूमिका, एक लेखक. सखाराम बोलून मोकळा होणारा, हिंदुराव मोजकं बोलून माणसं विकत घेणारा, आणि दिगू सगळं ऐकून काहीच लिहू न शकणारा.

‘सखाराम बाइंडर’वर परिनिरीक्षण मंडळानं बत्तीस काटछाटी सुचवल्या, बंदी आली, लढाई कोर्टात गेली आणि नाटक जिंकलं. त्याआधी ‘गिधाडे’चं झालेलं मला जास्त मोलाचं वाटतं. त्यात माणिक या पात्राच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो. त्या लाल डागाला हरकत घेतली गेली. लागूंनी डाग निळा केला, आणि प्रयोगाआधी जाहीर केलं की प्रेक्षकांनी हा निळा डाग लाल समजावा. पुसायला निघालेली गोष्ट सगळ्या प्रेक्षागृहाच्या मनात ठळक लाल झाली. झाकण्याची आणि दाखवण्याची ही गंमत तेंडुलकरांच्या नाटकाला वाटेत असे साथीदारही शिकवत गेले.

१९७३ ते ७५ या काळात त्यांना नेहरू शिष्यवृत्ती मिळाली होती, समाजातल्या वाढत्या हिंसेचा शोध घेण्यासाठी. पटकथांचा ओघ याच सुमारास सुरू झाला. वर्तमानपत्रात घडवलेली नजर, शिष्यवृत्तीच्या निमित्तानं आणखी पैलू पडलेली, आणि समोर एक असं माध्यम जे मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांतून बाहेर पडून थेट शेतात, बांधावर जाऊ शकतं. आणि तिथंच त्यांची वाट आमच्या वाटेला येऊन मिळते.

१९७५चा ‘निशांत’ घ्या. श्याम बेनेगलांचा सिनेमा, पटकथा तेंडुलकरांची. काळ १९४५चा, स्थळ तेलंगणातलं एक खेडं. गावच्या जमीनदाराची भावंडं शाळामास्तरच्या बायकोला उचलून नेतात. मास्तर पोलिसाकडं जातो, वकिलाकडं जातो, साहेबाकडं जातो. सगळे ऐकून घेतात. कुणी काही करत नाही. केजच्या वाचकाला हे तेलंगण दूरचं वाटू नये. १९४५ साली ते खेडं आणि आमचं केज एकाच राज्यात होतं, निजामाच्या हैदराबाद संस्थानात. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. १७ सप्टेंबर १९४८ला पोलीस ॲक्शन संपली तेव्हा ते राज्य संपलं, पण वाड्यापुढून जाताना चपला हातात घेण्याची आठवण सांगणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. ‘निशांत’मधली गर्दी शेवटी उठते आणि वाड्यावर चालून जाते. जिच्यासाठी सगळं सुरू झालं ती मास्तरची बायकोही त्या लोंढ्यात मरते. तेंडुलकर उठावालासुद्धा सूट देत नाहीत. त्यांच्या याच सच्चेपणामुळं मला त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

‘मंथन’ (१९७६) दुधाच्या सहकाराचा. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला सिनेमा, आणि या पटकथेसाठी तेंडुलकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गावात नवं काही सुरू करायचं तर पहिला अडथळा पैशाचा नसून कुणाच्या भांड्यात कुणाचं दूध मिसळायचं याचा असतो, हे ज्यानं गावचं दूध संकलन केंद्र पाहिलंय त्याला समजावून सांगावं लागत नाही.

आणि ‘सामना’. निर्माते रामदास फुटाणे जामखेडचे, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या अगदी शिवेवरचे. १९७५मध्ये हा मराठी सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. एक दारुडा, विझत आलेला मास्तर (लागू) साखरसम्राट हिंदुरावाच्या गावात येऊन पडतो. हिंदुराव त्याला आसरा देतो, दारू देतो, कपडे देतो. सगळं देऊन टाकलं की माणूस गप्प राहतो, हा त्याचा अनुभव. पण मास्तरच्या कानावर एक नाव पडलेलं असतं. मारुती कांबळे. तो माणूस गावातून नाहीसा झालाय. त्याचं पुढं काय झालं, एवढंच मास्तर विचारत राहतो. शुद्धीत विचारतो, नशेत विचारतो. त्याच्याकडं पुरावा नाही, पद नाही, पैसा नाही. एक प्रश्न आहे आणि तो थांबत नाही. तो प्रश्न सिनेमातून निघून महाराष्ट्राच्या बोलण्यात गेला; आजही कुठलं प्रकरण दडपलं की लोक मारुती कांबळेचं नाव काढतात. लेखकानं लिहिलेलं वाक्य लेखकाचं न राहता गावाचं व्हावं, याहून मोठं काय मिळायचं? पडद्यावर बोलणारे दोघं, लागू आणि फुले, असे तोडीस तोड की डोळे हलत नाहीत. तरीही सिनेमाचा कणा आहे तो जवळजवळ न दिसणारा, न बोलणारा मारुती.

आता मला काकांनी पाय का जवळ घेतले ते समजतं. हिंदुरावासारखा माणूस बोलायला लागला की आपण कसं बसायचं, हे त्यांच्या अंगानं कितीतरी हंगामांत शिकून घेतलं होतं. तेंडुलकरांनी काही ऊस तोडला नव्हता. पण सत्ता बोलते तेव्हा समोरच्याच्या अंगात काय होतं, हे त्यांना माहीत होतं. म्हणून तर अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून लिहिलेल्या ‘सिंहासन’च्या शेवटी, सगळी कारस्थानं जवळून पाहिलेला दिगू टिपणीस वेड्यासारखा हसत सुटतो. शब्द ज्याचा धंदा, त्याचेच शब्द संपले. ‘अर्धसत्य’ (१९८३) मध्ये अन्याय गिळत आलेल्या वेलणकर या पोलीस अधिकाऱ्याचे शब्द संपतात तेव्हा त्याचे हात गुंडाच्या गळ्याभोवती आवळले जातात. श्री. दा. पानवलकरांच्या कथेतून ही पटकथा उभी राहिली. लहान्याची कुऱ्हाड, दिगूचं हसू, वेलणकरचे हात: प्रत्येक ठिकाणी तोंडातून यायचं ते दुसऱ्याच वाटेनं बाहेर पडतं.

नाटकात मात्र ते तोंडावाटेच यायला हवं. १९८१च्या ‘कमला’मध्ये एक पत्रकार आदिवासी बाजारातून एक बाई विकत आणतो, माणसं विकली जातात हे सिद्ध करायला. अशी बातमी त्याच काळात खरोखर गाजली होती. ती कमला नाटकात किती थोडं बोलते! पण एकदा ती पत्रकाराच्या शिकलेल्या बायकोला, सरिताला, अगदी निरागसपणे विचारते की तुम्हाला यांनी कितीला घेतलं? तिला वाटतं या घरातल्या दोघीही विकत आणलेल्या. त्या एका प्रश्नानं दिल्लीतलं ते घर हलतं, आणि सरिता स्वतःच्या संसाराकडं पहिल्यांदा बाहेरून बघते. सिनेमात कदाचित ते एका नजरेत झालं असतं. रंगमंचावर ते मोडक्या, साध्या वाक्यातच व्हायला हवं होतं, आणि झालं.

काका आता नाहीत. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना नंतर सांगितलं होतं, नाव सांगितलं होतं. त्यांनी ते एकदा तोंडात घोळवलं आणि विचारलं, “तो बोलतो का फार?” मी म्हणालो, माहीत नाही. तेंडुलकरांना मी कधी पाहिलं नाही. पण त्यांच्या लिहिण्याबद्दल विचारलं असतं तर मी काकांना ‘शांतता!’चा शेवट सांगितला असता.

खटला संपलेला आहे. खेळ होता, मनावर घेऊ नका, असं म्हणत सगळे आवरायला लागतात. गावातली माणसं खरा कार्यक्रम बघायला येऊ लागली आहेत. बेणारे तशीच पडून आहे. सामंतानं आपल्या पुतण्यासाठी एक हिरवा कापडी पोपट आणलेला असतो. जाता जाता तो थबकतो, तिच्याकडं बघतो, काही बोलत नाही, आणि तो पोपट हळूच तिच्या शेजारी ठेवून निघून जातो.